७८ अंशांवरची शिवण
यूटीएमच्या दोन शेजारी झोनमधले ग्रिड सॉफ्टवेअरमध्ये जुळत नाहीत म्हणून बोंब मारणाऱ्यांना आज जरा सुनवायचंय. ते जुळणारच नाहीत हो! पृथ्वी गोल, कागद सपाट.

आपल्याकडे ही भानगड विदर्भात. झोन ४३ आणि ४४ ची हद्द ७८ पूर्व रेखांशावर: अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये. हद्दीवरच्या एकाच विहिरीचं ईस्टिंग इकडून साधारण ८१३ किमी, तिकडून १८७. शिवाय दोन्ही ग्रिड उत्तरेपासून विरुद्ध बाजूंना जवळपास एकेक अंश कललेले.

मग लोक काय करतात? कडेचे चौकोन हाताने ओढून चिकटवतात. किंवा ४३ चाच ग्रिड पार गोंदियापर्यंत ताणतात. तिथे किलोमीटर तीन मीटरनं फुगतो. किंवा दोन्ही ग्रिड एकमेकांवर चढू देतात, आणि हद्दीवरची ती विहीर दोनदा मोजली जाते. वर त्याच आकड्यांवर पाण्याचं नियोजन! धन्य आहे.

मोजणीच करायची ना? मग आख्ख्या राज्याला एकच समक्षेत्र प्रक्षेपण घ्या, अल्बर्स घ्या, आणि ग्रिड त्यातच बनवा. क्यूजीआयएस ग्रिड बनवताना सीआरएस विचारतं ते डोळे मिटून ओके करायला नाही.

नुसत्या छापील रेघा हव्या असतील तर दोन्हीकडच्या रेघा ७८ वर कापा आणि तो कोन दिसू द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या शीट १५ मिनिटांच्या, त्यामुळे ती रेघ शीटच्या कडेलाच येते. साहेब कुरकुरले तर त्यांना दोन शीट शेजारी ठेवून दाखवा.