शिकणाऱ्या शिक्षकाची वेठ

जिल्हा परिषदेच्या शाळेतील डी.एड. झालेला शिक्षक दहा-बारा वर्षांच्या सेवेनंतर बी.एड.साठी नाव नोंदवतो, तेव्हा त्याच्या वाट्याला दोन नोकऱ्या येतात. पगार मात्र एकाच नोकरीचा मिळतो. आठवडाभर वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि माहितीचे तक्ते, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे, रात्री स्वाध्याय. शुल्कासाठी पुष्कळदा पतपेढीचे कर्ज काढावे लागते. शिक्षिका असेल तर या सर्वांच्या आधी चूल असते आणि नंतर घरच्या मुलांचा अभ्यास. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि शाळा न सोडता ही पदवी घेण्याची वाट सेवेतील शिक्षकाला त्याने खुली केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वाट खुली करणे वेगळे आणि वाटखर्च देणे वेगळे. पहिले काम विद्यापीठाने केले. दुसरे शासनाने करावयाचे होते, ते त्याने केले नाही.

पदवी ही शिक्षकाची खासगी मिळकत आहे, तिच्या बळावर त्याला बढती मिळते, तेव्हा खर्चही त्यानेच सोसावा, असा युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. हा युक्तिवाद दिसतो सरळ. आहे मात्र खोटा. बढती एखाद्याला मिळते आणि तीही वर्षांनी. उलट, मूल वाचताना कोठे अडते, अपूर्णांक का चुकते, हे ओळखण्याची रीत शिकलेला शिक्षक दुसऱ्याच दिवशी संपूर्ण वर्गाला मिळतो. पोलीस अधिकाऱ्याला वा सनदी अधिकाऱ्याला प्रशिक्षणास धाडताना शासन त्याला पगार देते आणि खर्चही उचलते. ती त्याची खासगी मिळकत आहे असे कोणी म्हणत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र न्याय उलटा. वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवड श्रेणीसाठी जे प्रशिक्षण शासनानेच सक्तीचे केले, त्याच्यासाठी २०२२ मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून दोन हजार रुपये घेण्यात आले. अट मालकाने घालावयाची आणि तिचा खर्च मजुराने भरावयाचा, या व्यवहाराला वेठ म्हणतात.

शिक्षकाकडून पात्रतेची अपेक्षा करणे गैर नव्हे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा अशी मागणी केली होती. त्याच निवेदनात त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी तो पंधरा-वीस रुपये असावा, असेही त्यांनी मांडले होते. फुल्यांच्या लेखी पात्रता आणि मोबदला ही एकाच मागणीची दोन अंगे होती. शासनाने त्यातले पहिले अंग उचलले आणि दुसरे सोडून दिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने किमान पात्रतेची अट घातली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेची अट सेवेत असलेल्यांनाही लागू केली; ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली होती, त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. म्हणजे जुन्या शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी व्हावे हा आता शिरस्ताच झाला आहे. मग या विद्यार्थ्याच्या वेळेची आणि पैशाची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न टाळता येणार नाही.

तो टाळला की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. शासन जेथून अंग काढून घेते तेथे बाजार उभा राहतो. १९८३ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले गेले आणि पुढे अध्यापक विद्यालयांचेही पेव फुटले. राज्यातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. देशातील सुमारे नव्वद टक्के शिक्षक-प्रशिक्षण संस्था खासगी आहेत, हे त्या आयोगाच्या २०१२ च्या अहवालातून पुढे आले. जेथे पदवी हा विकावयाचा माल होतो, तेथे पाठ टाचणांच्या वह्या आणि कृतिसंशोधनाचे अहवालही तयार मिळू लागतात. बारा वर्षे रोज शिकवणारा माणूस उसन्या टाचणावर सही करतो आणि त्याचा स्वतःचा वर्ग, जो खरी प्रयोगशाळा व्हावयाचा, तो तसाच राहतो.

या नकलेला कंटाळून काही सहृदय माणसे म्हणतात की पदवीच नको, अनुभव हीच खरी पदवी. हा उपाय रोगाहून वाईट आहे. छडी उगारून पाढे वदवून घेणाऱ्या मास्तरांनाही दांडगा अनुभव होता. तपासून न घेतलेला अनुभव हळूहळू सवय बनतो आणि त्या सवयीची किंमत पहिल्या पिढीतील शिकणारे मूल मोजते. श्रीमंताच्या मुलाला शिकवणी असते. शेतमजुराच्या मुलीला तिच्या वर्गातील शिक्षकापलीकडे कोणी नसते. म्हणून शिक्षकाचे शिक्षण हा शिक्षकाचा प्रश्न नसून त्या मुलीचा प्रश्न आहे.

येथेच चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी शिक्षक संपावर गेले, ते रास्तच होते. पण वेतन, भत्ते, बदल्या आणि निवृत्तिवेतन यांच्या यादीत अध्ययन रजेची मागणी क्वचितच वर येते. शिक्षक संघटनांतील समाजवादी कार्यकर्त्यांनी ती वर आणली पाहिजे. आणि ती करताना विकतच्या वह्या जोडून पदवी मिळवणाऱ्या सभासदाला, तू आपल्याच वर्गाला फसवतोस, असे सांगण्याचे धैर्यही दाखवले पाहिजे. ते धैर्य नसेल, तर मागणीला नैतिक बळ उरणार नाही.

मागणी अवाजवी नाही. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले होते. राज्याच्या सेवानियमांत अध्ययन रजा हा शब्दही आहे. परंतु द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक गेला की दुसऱ्याच्या गळ्यात सर्व वर्ग पडतात; बदली शिक्षक नसेल तर रजेचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून मागणी पूर्ण करावी: पगारी अध्ययन रजा, तिच्या काळात बदली शिक्षक, शुल्काचा भार शासनावर आणि सराव पाठ व संशोधन शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्याच मुलांच्या अडचणींवर.

यासाठी पैसा नाही, असे उत्तर येईल. पैसा आजही खर्च होतच आहे. फक्त तो शिक्षकाच्या खिशातून, त्याच्या झोपेतून आणि मुलांच्या तासांतून वसूल केला जातो. ही वसुली सरकारच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते. ती हिशेबात आणणे, हेच या लढ्याचे पहिले काम आहे.