सही कुणाची?

मागच्या महिन्यात एका अंकात माझा लेख छापून आला. दोन पानं, मस्त फोटो, झक्कास लेआउट. फक्त माझं नाव नव्हतं! फ्रीलान्सरचं आयुष्य माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, बायलाइन म्हणजे आमचं प्रमोशन आणि दिवाळीचा बोनस, दोन्ही एकात. दोन दिवस डोकं फिरलेलं. आणि नेमकी त्याच वेळी मी मारिया मार्टिनेझच्या भांड्यांमध्ये बुडालेले.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेपासून अर्ध्या-पाऊण तासावर सान इल्डिफोन्सो नावाचं प्वेब्लो आहे. प्वेब्लो म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी वस्ती. न्यू मेक्सिकोत अशा 19 आहेत, आणि बऱ्याच ठिकाणची मडकी बघितली की जाणकार गाव ओळखतात. मारिया इथली. 1980 मध्ये ती गेली तेव्हा तिनं नव्वदी पार केली होती. तिची काळी भांडी आज जगभरच्या म्युझियममध्ये आहेत.

ती काळी कशी होतात, हा खरा किस्सा. चाक नाही. मातीत ज्वालामुखीची राख मळायची, तिच्या लांब वळ्या करायच्या आणि त्या एकावर एक रचत हातानं भांडं उभं करायचं. वाळलं की खरवडायचं, वरून पातळ मातीचा हात द्यायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घासायचं. घासायचं म्हणजे तासन् तास. हे गोटे आईकडून मुलीकडे येतात, आपल्याकडे पाटल्या येतात तसे. मग चकचकीत अंगावर युकाच्या पानाच्या ब्रशनं मातीचीच नक्षी. भट्टी उघड्यावरच, लाकडं आणि शेणाच्या गोवऱ्यांची. नेमक्या क्षणी त्यावर घोड्याची वाळकी, बारीक केलेली लीद ओतायची. आग गुदमरते, हवा मिळत नाही, धूर कोंडतो आणि लाल भांडं काळंभोर होतं. घासलेला भाग आरशासारखा, नक्षी मॅट. काळ्यावर काळं! भांड्यात ओल राहिली असेल तर मात्र फट्... महिन्याची मेहनत ठिकऱ्या. (आणि हो, यात पाणी भरून फुलं ठेवायची नाहीत. पॉलिशची वाट लागेल.)

मारिया आणि तिचा नवरा ज्युलियन यांनी 1920 च्या आसपास ही पद्धत बसवली. आकार तिचा, नक्षी त्याची, घासायला बहिणी. मग गिऱ्हाइकांना सही हवीशी झाली. सुरुवातीला तळाला फक्त ‘मारी’ असायचं, कारण मडकी घडवणं हे बायकांचं काम. नवऱ्याचं नाव नंतर आलं. बघा, बायलाइन न मिळणारे नवरेही असतात! 1943 मध्ये ज्युलियन गेला. मग सून सान्ताना नक्षी काढायला लागली, तिचं नाव मारियाच्या शेजारी आलं. पुढे मुलगा पोपोवी दा याचं.

पण मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मारियाच्या सहीला जास्त भाव मिळतो हे कळल्यावर गावातल्या इतर बायका आपली भांडी घेऊन यायला लागल्या. तिनं सरळ सही करून दिली! संग्राहकांच्या डोक्याला ताप, पण तिच्या दृष्टीनं माती गावची, पैसा गावात आला म्हणजे झालं.

मी करेन असं? खरं सांगते, नाही. मैत्रिणीच्या लेखावर माझं नाव नको आणि माझ्या लेखावर तिचं तर अजिबात नको. पण त्या संपादकांना लिहिलेला खरमरीत मेल मी पुन्हा वाचला. फोटो काढणाऱ्याचंही नाव गायब होतं. ते मी लिहिलंच नव्हतं. एक ओळ वाढवून पाठवला.

जाता जाता एक कार. शेजारच्याच सांता क्लारा प्वेब्लोची आजची शिल्पकार रोझ बी. सिम्पसन. आई रॉक्सॅन स्वेन्टझेलही नावाजलेली शिल्पकार. रोझ गाड्या दुरुस्त करायलाही शिकली. 2014 मध्ये तिनं 1985 ची शेव्हरोले एल कमिनो घेऊन अख्खी रंगवली, काळ्यावर काळी नक्षी, थेट त्या भांड्यांसारखी. कसली भारी दिसते! गाडीचं नाव ‘मारिया’.

ज्युलियन पुन्हा राहिलाच.