मशीन चालतंय, पण निवडणूक?

निवडणूक जवळ आली की हॉस्टेलच्या मेसमध्ये एकच वाद रंगतो, ईव्हीएम हॅक होतं की नाही! चिप, सर्किट, सॉफ्टवेअर, सगळ्यांवर प्रत्येकाचं मत ठाम. असणारच, इंजिनिअर ना आपण! पण मित्रांनो, निवडणूक म्हणजे नुसतं मशीन नव्हे.

१९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात काही केंद्रांवर ही यंत्रं देशात पहिल्यांदा वापरली गेली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावलं. कारण काय, तर यंत्राने मतदान घेण्याची कायद्यात तरतूदच नव्हती! ती १९८९ मध्ये लागू झाली. म्हणजे यंत्र आधी आलं आणि कायदा मागून.

लांब कशाला जायचं? आपलंच बघा. कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली, मुदत २०२० मध्ये संपली. ठाण्याची २०२२ मध्ये संपली. घटनेच्या २४३-यू कलमाप्रमाणे मुदत संपायच्या आत नवी निवडणूक व्हायला हवी. पण आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. दोन्हीकडे प्रशासक बसले. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला आणि मतदान उजाडलं १५ जानेवारी २०२६ ला. खड्डे, पाणी, कचरा यांचा जाब विचारायला डोंबिवलीकराला पाच वर्षं नगरसेवकच नव्हता. यात एकाही मशीनचा दोष नव्हता!

म्हणून म्हणतो, आपल्यातल्या एक-दोघांनी तरी निवडणूक कायद्यात करिअर करावं. हसू नका! जगदीप छोकर यांनी रेल्वेत इंजिनिअर आणि मॅनेजर म्हणून नोकरी केली, पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक झाले, कायद्याचीही पदवी घेतली. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एडीआर ही संस्था काढून कोर्टात धाव घेतली. आज प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं, ते २००२ आणि २००३ च्या त्या निकालांमुळे. निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यातही हीच संस्था होती. दोनच महिन्यांनी सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची त्यांची मागणी मात्र कोर्टाने फेटाळली. छोकर सर सप्टेंबर २०२५ मध्ये गेले, पण शेवटपर्यंत थांबले नाहीत.

पॅकेजचं काय? आयटीएवढं नाही मिळणार, आणि एकेक खटला आपल्या चार वर्षांच्या डिग्रीपेक्षा लांब चालतो. पण मशीन आतून कसं चालतं हे न्यायाधीशांना सोप्या भाषेत सांगू शकणारा वकील आज हवाच आहे. बी.ई. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं.

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी निदान मतदारयादीत नाव घालावं. हॉस्टेलवर राहणाऱ्याला गावच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, कुठल्याही एका ठिकाणी नोंदणी करता येते. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा. नमुना ६ भरायचा, कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं. २० मे २०२४ ला कल्याण लोकसभेत जेमतेम ५० टक्के मतदान झालं. उरलेल्या अर्ध्यांना कुठल्याही हॅकरने अडवलं नव्हतं!