साप बांधावरच बरा, बरणीत नको



श्रावण तोंडावर आला की ग्रुपवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. एकात नागाला दूध पाजतात, दुसऱ्यात एखादं पोरगं घोणस हातात धरून रील करतं. माझं मत सरळ आहे. साप रानात असला तर शेतकऱ्याच्या कामाचा. टोपलीत, बरणीत तो कुणाच्याच कामाचा नाही.

आधी आपला हिशोब बघू. राहुरी, नेवासा, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात उंदीर काय करतो ते सांगायला नको. उभा ऊस कुरतडतो, ठिबकच्या नळ्या फोडतो. धामण बिनविषारी, आणि उंदीर हे तिचं आवडतं खाणं. नाग, घोणससुद्धा उंदरामागंच आपल्या शेतात येतात. साप बिळात शिरून पिल्लांसकट उंदीर खातो. हे काम आमिषाच्या गोळीला जमत नाही.

आता टोपलीतला नाग. दूध हे सापाचं अन्नच नाही. गारुडी त्याला आधी उपाशी-तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते पितो. पुढं तेच त्याच्या जिवावर उठतं. दात पाडलेले, तोंड शिवलेले नागही सापडलेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं असा खेळ गुन्हा आहे.

काहीजण म्हणतील, परंपरा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं उदाहरण देतील. तिथली जिवंत नागांची पूजा उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली. २०२५ ला केंद्रानं २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही फक्त शिक्षणासाठी, अटी घालून. शिराळकरांची श्रद्धा मी मोडीत काढत नाही. पण आपल्या घरची रीत आठवा. पंचमीला आपण नांगर धरत नाही, जमीन खणत नाही, विळीवर काही चिरत नाही. पूजा पाटावर काढलेल्या नागाची किंवा वारुळाची. नागाला त्याच्या घरात राहू द्यायचं, हीच ती रीत. टोपलीची गरजच कुठं आहे?

साप कोंडायला एकच कारण मला पटतं, ते म्हणजे औषध. चेन्नईजवळ इरुळा लोकांची १९७८ पासूनची सहकारी संस्था आहे. ते नाग, घोणस, मण्यार, फुरसं पकडतात, काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. असं विष थोडं थोडं घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून सर्पदंशाची लस बनते. मुंबईचं हाफकिनही ही लस बनवतं.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक खेड्यातली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. पण साप मारून किंवा पकडून हा आकडा खाली येणार नाही. आपण रात्री दारं धरायला जातो, कारण लाईट रात्रीची. अंधार, गवत, अनवाणी पाय, तिथंच दंश होतो. सौर कृषी वाहिनीचा सुरुवातीचा प्रकल्प आपल्याच राळेगणसिद्धीत झाला. दिवसा वीज प्रत्येक फिडरला मिळाली तर कितीतरी जीव वाचतील. मागणी करायची तर ती करा.

तोवर गमबूट, बॅटरी, हातात काठी. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की थांबा, घोणस आहे. घरात साप निघाला तर जाणत्या सर्पमित्राला बोलवा, मात्र साप दाखवत गावभर मिरवू नका, जवळच्याच रानात सोडायला सांगा. दंश झाला तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. १०८ ला फोन लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

तुमच्या फिडरला दिवसा लाईट किती दिवस असते, खाली लिहा.