यादी लागेपर्यंत

दहावीचा निकाल 2025 मध्ये 13 मेला लागला आणि अकरावीची पहिली यादी लागली 28 जूनला. मधले दिवस होतात 46. या 46 दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या दहावी पास मुलामुलींच्या घरी काय काय घडलं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून या महिन्यात त्याबद्दलच लिहिते. निकालावर सगळेच लिहितात, पेढ्यांचे फोटोही छापून येतात. निकालानंतर जी वाट पाहायची असते तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

मुंबईच्या वाचकांना ऑनलाइन अकरावीचं नवल नाही. तिथे 2009 पासून हे चालू आहे, पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांतही आलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मात्र 2024 पर्यंत साधी रीत होती. मार्कशीट हातात आली की अब्बूंसोबत कॉलेजच्या खिडकीवर जायचं, अर्ज भरायचा, फी भरायची, संध्याकाळी घरी येऊन सांगायचं की ॲडमिशन झालं. 2025 मध्ये पहिल्यांदाच सगळ्या राज्याचे प्रवेश एकाच संकेतस्थळावरून झाले. 21 मेला ते सुरू झालं आणि लगेच अडकलं, मग 26 मेपासून पुन्हा सुरुवात. अर्जाचा पहिला भाग, दुसरा भाग, एक ते दहा पसंतीची कॉलेजं, शून्य फेरी, मग पहिली फेरी. 26 जूनला लागणारी यादी पुढे गेली. मधे बकरी ईद येऊन गेली. ईद मिलायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा शीरखुर्मा संपायच्या आत एकच सवाल, "फिर, कौन से कॉलेज में?" मुलं खाली मान घालून म्हणायची, "अजून यादी लागली नाही." दहाव्या पाहुण्याला हेच सांगताना मुलाला स्वतःलाच शंका येऊ लागते की आपण पास झालो आहोत ना.

खरं तर आकडे पाहिले तर घाबरण्यासारखं काही नाही. 2025 मध्ये दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं पास झाली आणि राज्यात अकरावीच्या जागा होत्या जवळजवळ एकवीस लाख. म्हणजे कुणीही रस्त्यावर राहणार नाही. पहिल्या यादीत सहा लाखांहून अधिक मुलांना कॉलेज मिळालं, त्यातल्या साडेचार लाखांना तर पहिल्याच पसंतीचं. पण आईवडिलांची झोप उडते ती जागांसाठी नाही, ठराविक कॉलेजांसाठी. मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत ज्याला डॉक्टर व्हायचं आहे त्याला लातूर पाहिजे. पुण्यात फर्ग्युसन पाहिजे, मुंबईत रुईया किंवा झेवियर्स पाहिजे. तिथे अर्ध्या टक्क्याने नाव राहून जातं. नव्वद टक्के मिळवलेलं मूल रडतं आणि पासष्टवाल्याला वाटतं, याला काय झालं?

वाट पाहणं प्रत्येक घरी सारखं नसतं. डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरात या दीड महिन्यात मूल क्लासला जातं, अकरावीचं पुस्तक उघडतं, कंटाळलं तर मामाकडे मुंबईला जाऊन येतं. यादीत मनासारखं कॉलेज आलं नाही तर जीव जळतो, पण शिक्षण सुटत नाही. आपल्या बऱ्याच घरांत रिकामं मूल रिकामं राहत नाही. मुलगा असेल तर त्याला काम चिकटतं, मुलगी असेल तर तिच्याविषयी बोलणी सुरू होतात. कॉलेजची यादी लागायच्या आधी घरात दुसरीच यादी तयार व्हायला लागते.

माझ्या वर्गातला एक मुलगा, 78 टक्के, गणितात उत्तम. निकालानंतर आठवड्याभरात मामूच्या गॅरेजवर जाऊ लागला. "लिस्ट लगे तक," असं मामू म्हणाले, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. मुलगा हाताने काम शिकला तर चांगलंच आहे. पण दिवसाला 300 रुपये मिळू लागले. शनिवारी अम्मीच्या हातावर पैसे ठेवताना त्याची मान ताठ होत असे, ते मी स्वतः पाहिलं आहे. पहिल्या यादीत त्याचं नाव आलं, तेही पहिल्या पसंतीच्या कॉलेजात. घरात कुणाला पत्ताच नाही! अर्जात मोबाइल नंबर दिला होता तो सायबर कॅफेवाल्याचा. त्याच्या फोनवर त्या दिवसांत कितीतरी मुलांचे मेसेज आले असतील, तो तरी कुणाकुणाला कळवणार? पाचव्या दिवशी वर्गमित्राने यादीत नाव वाचून सांगितलं.

इथला नियम समजून घ्या, कारण नुकसान इथेच होतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ठरलेल्या मुदतीत प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं मिळालं तर मात्र प्रवेश घ्यायचा की पुढच्या यादीची वाट पाहायची हे आपल्या हातात असतं. या मुलाच्या मामूंचं म्हणणं होतं, "दो दिन रुक, एक इंजिन खुला पडा है." मी फोन केला आणि सांगितलं की इंजिन दोन दिवसांनी जोडता येईल, ही जागा दोन दिवसांनी मिळणार नाही. मामू भले माणूस. शेवटच्या दिवशी सकाळी स्वतः स्कूटरवर बसवून त्याला कॉलेजात घेऊन गेले. मुलगा आता संध्याकाळी सहानंतर गॅरेजवर जातो. सायबर कॅफेचा उपयोग जरूर करा, पण नंबर घरचा द्या आणि पासवर्ड मुलाच्या वहीत लिहून ठेवा. एका अम्मीने मला विचारलं होतं की इस्तिखारा केला तर कॉलेजांचा क्रम लावता येईल का. मी म्हटलं, जरूर करा, पण आधी मुलीला विचारा तिला काय शिकायचं आहे.

या दिवसांत कोट्याबद्दलही फार विचारणा होते. "मॅडम, मुस्लिम कोटा किती टक्के आहे?" असा कोटा आज नाही. 2014 च्या जुलैमध्ये वटहुकूम निघाला होता, काही मुस्लिम समाजगटांना पाच टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, सरकारी शिक्षणसंस्थांपुरतं चालू ठेवलं, पण वटहुकुमाचा कायदा झालाच नाही आणि तो विषय तिथेच संपला. आजही लोकांच्या तोंडी ते पाच टक्के आहेत. दुसरा गैरसमज अल्पसंख्याक कोट्याचा. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजात निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात, म्हणजे ज्या समाजाची ती संस्था आहे त्याच्यासाठी. मुस्लिम संस्थेच्या कॉलेजात आपल्या मुलांना त्या जागा मिळतात. ख्रिस्ती संस्थेच्या किंवा गुजराती भाषिक संस्थेच्या कॉलेजात 'आपण पण मायनॉरिटी' म्हणून अर्ज केला तर उपयोग नाही, तिथे आपण बाकीच्यांसारखे गुणवत्तेच्या रांगेत.

जातीच्या दाखल्याची गोष्ट याहून गंभीर आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी असे आपल्यातले अनेक समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा दादांचा शाळेचा दाखला. दादा शाळेत गेलेले असले तर! आणि गेले असतील तरी त्या काळच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. फळांचा गाडा पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराला आपण बागवान आहोत हे कागदावर दाखवता येत नाही. मग चुलत आजोबांचा, आजोबांच्या भावाचा कागद शोधत तहसीलला फेऱ्या. हे काम निकाल लागल्यावर 46 दिवसांत होत नाही, नॉन क्रीमी लेयर तर त्याच्याही पुढचा कागद. ज्यांचं मूल आज आठवीत आहे त्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत गावच्या जुन्या शाळेत जाऊन यावं.

आता त्या मुलीबद्दल लिहिते जिच्यामुळे हा लेख सुचला. 91.40 टक्के, उर्दू माध्यम, अब्बूंचा मालवाहू टेम्पो आहे. तिला डॉक्टर व्हायचं आहे आणि तिने ते मोठ्याने सांगून टाकलं, हेच पुष्कळांना खटकलं. दहा पसंती तिने स्वतः भरल्या. पहिली दोन कॉलेजं लातूरची, तिसरं सोलापूरचं, चौथं आमच्या गावातलं. खालच्या सहांचं तिला घेणंदेणं नव्हतं.

निकालापासून यादीपर्यंत त्यांच्या घरी दोन रिश्ते येऊन गेले. मुलगी सोळा वर्षांची. कायद्याने अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आजकाल कुणी लग्न म्हणत नाही. "बात पक्की करके रखेंगे," म्हणतात. तिच्या अब्बूंना यात दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांची अडचण सरळ होती. मुलगी कॉलेजात जात असती तर पाहुण्यांना सांगायला एक शब्द होता, 'पढ रही है'. मे-जूनमध्ये ती काहीच करत नव्हती, म्हणून त्यांच्याकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. मला त्यांनी तसंच विचारलं, "मॅडम, बोलनेवालों को क्या बोलूं?"

मी म्हटलं, सांगा की अकरावी सायन्सला नंबर लागतो आहे. अजून लागला नाही, पण लागतो आहे. यात खोटं काही नाही.

पहिल्या यादीत तिला चौथी पसंती मिळाली, गावातलं कॉलेज. घरच्यांनी हुश्श केलं. अम्मी म्हणाली, "अल्लाह ने पास में ही दे दिया, ले लो." मुलगी काही बोलली नाही, शाळेत येऊन माझ्या समोर बसली आणि मग तिचे डोळे भरले. आम्ही दोघींनी आकडे मांडले. कट ऑफ म्हणजे काही पास-नापासची रेषा नसते, त्या फेरीत त्या वर्गवारीतून शेवटी घेतलेल्या मुलाचे गुण असतात, एवढंच. लातूरच्या दोन्ही कॉलेजांत शेवटचं नाव तिच्यापेक्षा तीन टक्क्यांहून वर थांबलं होतं. दुसऱ्या यादीत रेषा थोडी उतरते, पण इतकी उतरेल असं धरून चालता येत नाही. सोलापूरचं कॉलेज मात्र 92 वर थांबलं होतं. पहिल्या यादीतली काही मुलं डिप्लोमाला जातात, काही दुसऱ्या शहरात, त्यामुळे अर्धा-पाऊण टक्का खाली येण्याची आशा धरता येते. आणि गावातलं? तिथे पहिल्याच यादीत साठीतली मुलं आत गेली होती. 91 वाल्या मुलीला ती जागा दुसऱ्या यादीतही मिळण्याची शक्यता दांडगी. म्हणजे थांबण्यात धोका होता, पण तो कमी होता, आणि मिळण्यासारखं बरंच होतं.

हे सगळं मी तिच्या अब्बूंसमोर कागदावर पुन्हा मांडलं. लातूरपेक्षा सोलापूरचा खर्च त्यांना झेपतो, कारण तिथे तिची फुफी राहते, होस्टेल लागत नाही. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. मग विचारलं, "जागा हातातून गेली तर?" मी सांगितलं, जाऊ शकते, तसं झालं तर तिसरी यादी आणि मग उरलेल्या जागांची फेरी. खोटी खात्री देऊन पालकांकडून होकार काढू नये, असं माझं मत आहे. पुढे काही बिनसलं तर तो पालक त्या मुलीच्या धाकट्या बहिणीसाठी कोणत्याच मास्तरणीचं ऐकत नाही. ते म्हणाले, "ठीक है, रुकते हैं." चौथ्या पसंतीचा प्रवेश त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या फेरीसाठी तिने पसंतीक्रम पुन्हा भरला, यंदा सोलापूर पहिलं, गावातलं दुसरं. सोलापूर पहिलं लिहिलं म्हणजे मिळालं तर घ्यावंच लागेल, हे तिला ठाऊक आहे. लातूर तिने आपल्या हाताने खोडलं आणि मी काही म्हटलं नाही.

मी हे लिहिते आहे तेव्हा दुसरी यादी लागायची आहे. मुलगी रोज दुपारी शाळेच्या ग्रंथालयात येते. उर्दूतून दहावी केलेल्या मुलांना अकरावी सायन्स इंग्रजीतून करायचं म्हणजे पहिले तीन महिने नुसते शब्दांशी झगडण्यात जातात, म्हणून तिला मी एक जाड वही दिली आहे. डाव्या बाजूला उर्दू शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. कुव्वत म्हणजे फोर्स, तवानाई म्हणजे एनर्जी, इसराअ म्हणजे ॲक्सिलरेशन. गॅरेजवाला मुलगाही आता कॉलेज सुटल्यावर ती वही उतरवून घ्यायला येतो. काल संध्याकाळपर्यंत तिचे 140 शब्द झाले होते, त्याचे 60.