फायनल_नवीन_खरंच_फायनल

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

आपल्या आयटीत एक समजूत घट्ट बसली आहे: डॉक्युमेंटेशन म्हणजे क्लायंटने मागितलं की शेवटच्या आठवड्यात उरकून टाकायचं काम. त्यामुळे कोड गिटमध्ये, डिझाइन शेअर्ड ड्राइव्हवर, सर्व्हरची सेटिंग्ज कोणाच्या तरी मेलमध्ये आणि 'हे असं का केलं?' याचं उत्तर एकाच सीनियरच्या डोक्यात. ड्राइव्ह उघडावा तर 'फायनल', 'फायनल_२' आणि 'नवीन_खरंच_फायनल' रांगेत उभे! यातलं खरं कोणतं? कोणतंच नाही. कोड कधीच पुढे निघून गेलाय.

माझं म्हणणं साधं आहे. डॉक्युमेंट कोडच्याच रिपॉझिटरीत राहिलं पाहिजे आणि ज्या कमिटमध्ये कोड बदलतो, त्याच कमिटमध्ये तेही बदललं पाहिजे.

'आमचा प्रोजेक्ट फार मोठा आहे हो,' म्हणणाऱ्यांनी लिनक्स कर्नल बघावा. जगभरातले हजारो लोक त्यात कोड लिहितात. तिथे 'डॉक्युमेंटेशन' हा फोल्डर सोर्स कोडबरोबरच असतो. नवीन कर्नल पॅरामीटर आणलात तर त्याची नोंद तिथे करा, असं पॅच पाठवण्याआधीच्या चेकलिस्टमध्येच लिहिलंय. त्यात 'एबीआय' नावाचा एक फोल्डर आहे आणि त्याचे चार भाग: स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट, रिमूव्ह्ड. एखाद्या इंटरफेसवर कितपत विसंबायचं, हे त्याची फाइल कुठे ठेवलीय एवढ्यावरूनच कळतं. याला म्हणतात फोल्डर लावणं! आपल्याकडे फोल्डर म्हणजे माळा. टाका आणि विसरा.

'चांगला कोड हेच डॉक्युमेंटेशन' हा आणखी एक लाडका युक्तिवाद. कोड काय करतो ते कोड सांगतो, मान्य. पण टाइमआउट ३० सेकंदच का, कोणता मार्ग करून पाहिला आणि का सोडला, हे कोड कुठे सांगतो?

आणि याची किंमत कोण मोजतं? रात्री दोनला प्रॉडक्शन झोपतं, तेव्हा फोन बहुतेक वेळा नुकत्याच लागलेल्या पोराला जातो. एका प्रोजेक्टमध्ये आमच्या टीममधल्या ज्युनियर मुलीचा अख्खा शनिवार एक सेटिंग शोधण्यात गेला. ते होतं कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलमध्ये.

काहींना हे सोयीचंच असतं म्हणा. सगळं डोक्यात ठेवलं की आपल्यावाचून कोणाचं चालत नाही. चालू द्या! पण ज्याच्यावाचून चालत नाही, त्याला सुट्टीही मिळत नाही.

असो. सोमवारी एवढंच करा. रिपॉझिटरीत एक रीडमी टाका: प्रोजेक्ट कसा चालवायचा, काय कुठे आहे आणि असं का आहे. मग रिव्ह्यूला आलेल्या बदलासोबत डॉक्युमेंट नसेल, तर तो सरळ परत पाठवा. लोक चिडतील. चिडू देत. शनिवारी घरी असतील.