आडनावावरून नातं जोडू नका

तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले असाल, आडनाव पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर असं काही असेल आणि घराण्याचा शोध घ्यायचं मनात असेल, तर चार गोष्टी आधी ऐका. कोकणातल्या बाकीच्या ‘कर’ मंडळींनाही त्या उपयोगी पडतील.

बेने इस्रायल घरं फार पांगली. अलिबाग, पेण, रोह्याकडच्या गावांतून मंडळी मुंबईला आली. तिथून कुणी पलटणीत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात. नोकरीपायी काही कराचीला गेले, काही एडनला, काही रंगूनला. १९४८ नंतर बरीच घरं इस्रायलला गेली, काही इंग्लंडला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद आज वेगवेगळ्या देशांत आहेत आणि मोडी, देवनागरी, रोमन, हिब्रू अशा चार लिप्यांत आहेत. घाई केलीत तर हमखास चुकाल.

सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा. कागद पुढच्या वर्षीही वाचता येतील, नव्वदीतल्या आत्याबाईंचं तसं नाही.

त्यांना ‘आपलं मूळ कुठलं?’ असं विचारू नका. विचारलंत, तर नवगावजवळ फुटलेलं पूर्वजांचं गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट ऐकायला मिळेल. ती जरूर लिहा, पण बाजूला ‘ऐकीव’ असा शेरा मारा.

छोटे प्रश्न विचारा. मलिद्याच्या विधीला कुणाकुणाला बोलावणं असायचं? पोहे-खोबरं कोण कालवायचं? नवस फेडायला अलिबागकडे गेलात, की मुक्काम कुणाकडे? मुक्काम जिथे असायचा, ती माणसं बहुधा नात्यातलीच निघतात.

बायकांचं माहेर आठवणीने विचारा. आजीचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहिलं नाहीत, तर अर्धं घराणं वंशावळीतून गळतं.

मग कपाट उघडा. केतुबा (लग्नाचा करारनामा), शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचं सर्व्हिस बुक, जुने पासपोर्ट, लग्नपत्रिका, सगळं बाहेर काढा. फोटो काढा आणि मूळ कागद परत जागच्या जागी ठेवा. कुणालाही मूळ कागद देऊ नका. ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणणारा चुलतभाऊ असला तरी नाही.

आता आडनावाकडे वळा. ‘कर’ तुम्हाला गाव सांगतं, रक्ताचं नातं नाही. पेणचा तो पेणकर. तो हिंदू असेल, मुसलमान असेल, बेने इस्रायल असेल. एकाच गावातून निघालेल्या दोन बेने इस्रायल घरांचंही एकमेकांशी नातं असेलच असं नाही. समोरच्याच्या आजोबांचं नाव, गाव आणि साल, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याला वंशावळीत घ्या. एकच जुळली, तर पेन्सिलीने लिहून ठेवा.

पहिल्या नावांनी तर भलेभले फसतात. जुन्या काळी नावं मराठी वळणाची असत. सॅम्युएलचा समाजी व्हायचा, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर इंग्रजीत सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून सापडतात. माणूस एकच. त्यामुळे प्रत्येक पूर्वजाची सगळी नावं एकाखाली एक लिहा.

हिब्रूत गेल्यावर आणखी गंमत होते. तिथे ‘प’ आणि ‘फ’ला अक्षर एकच, आणि स्वर बहुतेक लिहीत नाहीत. पेणकर कुठे फेनकर वाचला जातो, कुठे पनकर. काहींनी इस्रायलला गेल्यावर आडनावच बदललं. तिकडच्या नातेवाइकांना ‘ओळखपत्रावर नाव कसं लिहिलंय’ ते विचारून घ्या.

त्यानंतर गावी जा. घराण्याची जमीन होती का, ते जुन्या फेरफारांवरून कळतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात. त्यातलं बरंच मोडीत आहे. मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या आणि ओळ जशी आहे तशी लिहून घ्या. अर्थ घरी बसून लावा.

दफनभूमीत सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. ऊन तिरकं पडलं, की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दगडावर साधं पाणी मारलंत तर चालेल. खडू फासू नका, तारेचा ब्रश लावू नका.

दगडावर मराठी आणि हिब्रू दोन्ही मजकूर असतो. साल ५६६१ असं दिसलं तर गोंधळू नका. त्यातून ३७६० वजा करा, १९०१ येईल. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल, तर ३७६१ वजा करा.

आता परदेशातल्या शाखा. कराचीत पूर्वी बेने इस्रायलांची चांगली वस्ती होती. तिथलं मागेन शालोम सिनेगॉग १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी बांधलं. ते १९८८ मध्ये पाडलं गेलं. म्हणून कराचीच्या लग्नांचे-बारशांचे जे कागद घरात असतील, ते जिवापाड जपा.

या शाखेची नोंद आणखी एका कारणासाठी नीट करा. परदेशातल्या नातवंडांना उद्या ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड हवं झालं, तर आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कुणीतरी भारतीय असल्याचा पुरावा लागतो. पण याच पिढ्यांत कुणी पाकिस्तानचं नागरिक असेल, तर या नात्यावर कार्ड मिळत नाही. तेव्हा फाळणीनंतर कोण किती वर्षं कराचीत राहिलं, पासपोर्ट कुठला होता, हे आत्ताच विचारून ठेवा.

‘आम्हाला कोण विचारणार?’ असं म्हणू नका. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये रब्बींच्या मंडळाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला होता. लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि १९६४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. तसा अन्याय पुन्हा होऊ नये. पण वारसा, व्हिसा, नावातली दुरुस्ती, अशा साध्या कामांतही पणजोबांचा एखादा दाखला मोठा आधार देतो.

थोडं जपूनही राहा. ‘तुमची दोन हजार वर्षांची वंशावळ काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. इतकी सलग वंशावळ सांगणारे कागद कोकणात कुठल्याच घराकडे नाहीत. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, बँका ओळख पटवायला हेच विचारतात. थुंकीचा नमुना पाठवून वंश तपासायचा असेल, तर आधी भावंडांना विचारा. तुमच्या निकालात त्यांचंही गुपित उघडं पडू शकतं.

शोधता शोधता एखादी नको असलेली गोष्ट हाती लागेल. मोडलेलं लग्न, दत्तक मूल, समाजाबाहेर गेलेली मुलगी. ती वहीत लिहा, पण चारचौघांत वाचून दाखवू नका. आणि वंशावळीतून कुणाचं नाव खोडू नका.

येत्या सुट्टीत एवढंच करा. दोनशे पानी वही आणा. प्रत्येक माणसाला एक पान द्या. नाव, गाव, साल, आणि ‘हे कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात आहे’ असे चार रकाने आखा. चौथा रकाना कधीही कोरा सोडू नका. वही भरत आली, की तिच्या प्रती काढून प्रत्येक देशातल्या एका घरी एक प्रत पाठवा.